आधी काटा, मग यंत्र

काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. चावी, पगार, पाव, बिजागरी यांच्या पंगतीतलाच तो. मूळ शब्द 'कार्तुशु'. आपल्या जिभेवर घोळता घोळता त्याचं काडतूस झालं. शब्द घरचा झाला, पण वस्तू काही घरची झाली नाही. आपल्यापैकी बहुतेकांना काडतूस ठाऊक आहे ते शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकातून : १८५७ साल, एनफिल्ड बंदूक, चरबी लावलेली काडतुसं आणि मंगल पांडे. ती काडतुसं म्हणजे खरं तर कागदाच्या पुड्या होत्या. शिपायानं पुडी दातानं फाडायची, आतली दारू नळीत ओतायची आणि वरून गोळी ठासायची. म्हणजे दारू किती घालायची हे आधीच कुणीतरी मोजून पुडीत बांधलेलं असायचं. शिपायाच्या हाती फक्त ओतणं आणि ठासणं.

दारू मोजणारा तो 'कुणीतरी' आज बहुतेक जगात कारखान्यात बसलेला असतो. अमेरिकेत मात्र असंख्य माणसं हे काम घरी करतात. गराजच्या कोपऱ्यात किंवा तळघरात एक भक्कम टेबल, त्यावर घट्ट बसवलेलं एक लोखंडी यंत्र, शेजारी एक तराजू, आणि त्यापुढे बसलेला एखादा निवृत्त गृहस्थ. एकदा उडवलेल्या काडतुसाचं पितळी टरफल घेऊन तो त्यात नवी केप, नवी दारू, नवी गोळी बसवतो. याला तिथं 'रीलोडिंग' म्हणतात.

गोमंतकीय वाचकाला याच्याशी काय घेणं, असं कुणी म्हणेल. घेणं असं की आपले भाचे-पुतणे आता तिथं घरं बांधून राहिले आहेत आणि तिथले छंदही त्यांना लागले आहेत. माझा एक भाचा गेली बारा-तेरा वर्षं पेन्सिल्वेनियात आहे. लहानपणी डिचोलीच्या बाजारात कोंबडं कापताना पाहून डोळे मिटून घेणारा हा मुलगा आता शेजाऱ्यांबरोबर हरणांच्या शिकारीला जातो. (तिथल्या खेड्यापाड्यांत हरणांचा मोसम म्हणजे आपली चवथच. कामं बंद, माणसं जंगलात.) गेल्या वर्षी त्यानं मला एक यादी पाठवली. "मामा, घरी काडतुसं भरायला सुरुवात करतोय. तुम्ही प्रयोगशाळेत आयुष्य काढलंत, जरा नजर घाला." यादीत सगळ्यात वर होतं एक मोठं, वेगवान यंत्र, दांडा ओढला की दर खेपेला एक तयार काडतूस टाकणारं. त्याखाली बरीच उपकरणं. तराजू शेवटून दुसरा, आणि तळाला 'पुस्तक', पुढे कंसात : 'नंतर'.

माझं म्हणणं एवढंच, की ही यादी उलटी करावी. आधी पुस्तक, मग काटा, आणि यंत्र सगळ्यांत शेवटी. तेसुद्धा बाजारात मिळेल ते सर्वांत संथ. भाच्याच्या मित्रांना हे पटलं नाही. त्यांच्या मते मामा जुन्या काळातले. असतीलही. पण माझ्या म्हणण्यामागे काही कारणं आहेत, ती इथं मांडतो. बंदुका घरोघरी असाव्यात की नसाव्यात, हा वाद मी इथं घेत नाही. तो मोठा आहे, आणि माझं मत भाच्याला माहीत आहे.

काडतुसाचे भाग चार. पितळी टरफल, त्याच्या बुडातली केप, आतली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. बार उडाला की केप, दारू आणि गोळी जातात. टरफल तेवढं राहतं, आणि चौघांत महाग बहुधा तेच. म्हणून तर हा खटाटोप. टरफल स्फोटानं थोडं फुगलेलं असतं, ते साच्यात दाबून मूळ मापावर आणायचं, जुनी केप काढायची, नवी बसवायची, तोललेली दारू ओतायची, गोळी ठरलेल्या खोलीपर्यंत दाबायची. एवढंच. केपेवरून आठवलं. टरफलाच्या बुडाशी केपेची ठिणगी आत जायला भोक असतं. मधोमध एकच भोक असलं तर जुनी केप सुईनं ढकलून सहज निघते. दोन भोकं असली तर ते काम जिकिरीचं. एका भोकाची पद्धत बॉक्सर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची, दोन भोकांची बर्डान या अमेरिकन गृहस्थाची. आणि गंमत पाहा, अमेरिकेनं इंग्रजाची पद्धत उचलली आणि युरोपात बराच काळ अमेरिकनाची चालली. घरी काडतूस भरण्याचा छंद अमेरिकेत एवढा फोफावला, त्यात या एका भोकाचा वाटा मोठा आहे.

पैसे वाचतात म्हणून हे करावं, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. रायफलीच्या महागड्या काडतुसांच्या बाबतीत ते खरंही आहे. पण २०२० ते २०२२ या काळात तिथं केपांचा असा दुष्काळ पडला की आधी तीस-चाळीस डॉलरना मिळणारा हजार केपांचा डबा शंभराच्या वर गेला, आणि तरीही दुकानांत दिसेना. हातात यंत्र आणि दारात केप नाही, अशी गत. शिवाय या छंदातली जुनी माणसं स्वतःच हसत सांगतात की पैसे काही वाचत नाहीत, फक्त तेवढ्याच पैशांत जास्त बार काढता येतात. मला त्यांचं दुसरं कारण अधिक पटतं. प्रत्येक बंदुकीची नळी थोडी वेगळी असते, आणि आपल्या नळीला मानवेल असं काडतूस स्वतः घडवता येतं. शिंप्याकडून कपडे शिवून घेण्यासारखंच ते. पण या दोन्ही कारणांत वेग कुठंच येत नाही. वेग लागतो तो स्पर्धांत उतरून महिन्याला हजारोंनी गोळ्या झाडणाऱ्याला. माझा भाचा वर्षाला दोन हरणं मारतो, आणि शनिवारी कधीतरी पिस्तुलानं पत्र्याच्या डब्यांवर नेम धरतो.

या अवजारांचा इतिहासही वेगाचा नाही. १८८४ साली कनेक्टिकटमध्ये जॉन बार्लो यांनी 'आयडियल' नावाचा कारखाना काढला आणि हातात धरायचं एक अवजार बाजारात आणलं. त्याचं चित्र पाहिलं तर आपल्या आज्यांना क्षणभरही शंका आली नसती : अडकित्ता! दोन दांड्या, मध्ये बिजागरी, आणि सुपारीच्या जागी काडतूस. पुढे १९४३ साली, युद्धाच्या टंचाईत गोळ्या मिळेनात तेव्हा, कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावात फ्रेड हंटिंग्टन यांनी वडिलांच्या धुलाईच्या दुकानामागे बसून गोळ्या घडवायचे साचे केले. कशासाठी? तर 'रॉक चक' नावाच्या, खडकांत बिळं करून राहणाऱ्या, घुशीपेक्षा दांडग्या प्राण्याला टिपण्यासाठी. त्यांच्या कंपनीचं आर.सी.बी.एस. हे नाव त्या प्राण्याच्याच नावावरून आलं आहे. रानडुकरांनी कुळागरं उकरलेली पाहिलेल्या माणसाला हे नाव परकं वाटू नये. मग १९५८ साली विस्कॉन्सिनमध्ये रिचर्ड ली यांनी घरातल्या कारखान्यात आधी छर्ऱ्यांच्या काडतुसांसाठी, आणि नंतर रायफल-पिस्तुलांसाठी, लहानशा डब्यात मावणारा संच काढला. यंत्र नाहीच, लाकडी किंवा प्लास्टिकच्या हातोडीनं ठोकत ठोकत काडतूस भरायचं. तो संच आजही मिळतो, चाळीस-पन्नास डॉलरच्या आसपास. वेगवान यंत्रं घरगुती माणसाच्या टेबलावर आली ती बरीच नंतर, मुख्यतः ॲरिझोनाच्या माइक डिलन यांच्यामुळे.

आता यंत्राकडे येतो. त्याला तिथं 'प्रेस' म्हणतात, आणि तो तीन जातींचा. 'सिंगल स्टेज' प्रेसमध्ये एका वेळी एकच साचा, एकच काम. पन्नास टरफलं आधी दाबून घ्यायची, मग साचा बदलायचा, पुन्हा तीच पन्नास हातात घ्यायची, पुढचं काम करायचं. 'टरेट' प्रेसमध्ये फिरत्या चकतीवर चार साचे बसवलेले असतात, बदलायचा त्रास वाचतो. पिस्तुलवाल्याला तो बरा, एवढं म्हणून पुढे जातो. 'प्रोग्रेसिव्ह' प्रेस मात्र वेगळ्याच कुळीचा. खालची चकती फिरत राहते आणि दांड्याच्या एका ओढीत एका टरफलाची केप निघते, दुसऱ्यात दारू पडते, तिसऱ्यात गोळी बसते, चौथ्याची मूठ आवळली जाते. ताशी तीन-चारशे काडतुसं सहज.

वाचकहो, एका ओढीत चार-पाच ठिकाणी चार-पाच गोष्टी घडतात आणि माणसाला डोळे दोनच. अनुभवी माणसाला यात अडचण नसते. त्याच्या हाताला दांड्याचा दाब कळतो, 'आज काहीतरी जड लागतंय' हे मनगट सांगतं. नवख्याच्या मनगटाला काहीच ठाऊक नसतं. नीट बसलेली केप कशी लागते आणि वाकडी बसलेली कशी, टरफलाच्या तोंडाला चीर गेली असेल तर साचा कसा कुरकुरतो, हे त्याला अजून शिकायचं आहे, आणि शिकण्यासाठी एक एक काम सुटं करून पाहावं लागतं. मोदक वळायला शिकणाऱ्या मुलीला आधी उकड हातात देतात. मोदकाचं यंत्र नाही.

आणि इथं चुकलं तर बिघडलेला मोदक फेकून देण्याइतकं ते सोपं नाही. दोन चुका विशेष वाईट. पहिली, टरफलात दारू पडलीच नाही. तरी नुसत्या केपेच्या जोरावर गोळी नळीत शिरते आणि मध्येच अडकते. बार 'फुस्स' वाजतो. नेमबाजाच्या ते लक्षात आलं नाही आणि त्यानं पुढचा बार काढला, तर नळी फुगते किंवा फुटते. दुसरी चूक, दारू दोनदा पडली. यात पॉइंट ३८ स्पेशल हे काडतूस नमुनेदार. ते १८९८ सालचं, काळ्या दारूच्या काळातल्या ऐसपैस मापाचं. आजची जलद जळणारी दारू त्यात जेमतेम चार-पाच ग्रेन लागते, म्हणजे टरफलाच्या बुडाशी पसरेल एवढीच. ती दुप्पट पडली तरी टरफल भरून सांडत नाही, गोळी बिनतक्रार वर बसते, आणि बाहेरून ते काडतूस इतरांसारखंच दिसतं. फरक कळतो तो पिस्तूल हातात फुटल्यावर.

संथ प्रेसवर या दोन्ही चुका पकडायची एक साधी सोय आहे. भाच्याकडे राहायला गेलो होतो तेव्हा त्याच्या शेजाऱ्यानं, आयुष्यभर लेथवर काम केलेल्या एका म्हाताऱ्यानं, तळघरात नेऊन मला ती दाखवली. लाकडी फळीला पन्नास भोकं, त्यांत पन्नास टरफलं तोंड वर करून उभी. सगळ्यांत दारू घालून झाली की गोळ्या बसवण्याआधी तो खोलीतला दिवा मालवतो आणि हातातली बॅटरी तिरकी धरून पन्नासांच्या पोटात पाहतो. एकात जरी पातळी वरखाली दिसली तरी पन्नासच्या पन्नास टरफलं ओतून पुन्हा तोलायची. माझ्यासमोर त्यानं एकदा ओतली. मला दाखवायला नव्हे, खरंच एक संशयास्पद होतं म्हणून. तोंडानं चकार शब्द नाही. प्रोग्रेसिव्ह यंत्रात पन्नास टरफलं अशी एकत्र कधी उभीच राहत नाहीत.

पैशाची काळजी असेल त्यानं आणखी एक लक्षात घ्यावं. साच्यांचे आटे सगळ्या कंपन्यांनी जवळजवळ एकाच मापाचे ठेवले आहेत : ७/८ इंच व्यास, इंचाला चौदा आटे. त्यामुळे एका कंपनीचा साचा दुसरीच्या प्रेसमध्ये बसतो. पुढे मोठं यंत्र घेतलं तरी साचे फुकट जात नाहीत, आणि जुना ओतीव लोखंडी प्रेस तर नातवापर्यंत टिकतो. त्या म्हाताऱ्याचा प्रेस त्याच्या वडिलांचा होता.

काट्याकडे वळण्यापूर्वी थोडं आपल्या घरी येतो. सत्तरीत, आमच्या आजोळी, ठासणीची बंदूक होती. परवान्याची, केपेची, डुकरांपासून कुळागर राखण्यासाठी. (निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि डुकरांना तेवढी सवलत मिळायची.) आजोबांचे धाकटे भाऊ ती भरायचे. बांबूच्या पेराचं एक मापटं होतं, त्यात दारू घ्यायची, अंगठ्यानं काठोकाठ करायची, नळीत ओतायची, वर चिंधी, वर छर्रे, आणि गजानं ठासायचं. पावसाळ्यात हवा दमट म्हणून 'वायच चड'. हे सगळं अंदाजाचं काम. आणि अंदाज ही आपल्याकडे मोठी मानाची गोष्ट. मीठ अंदाजानं, खोबरं अंदाजानं, विहिरीचं पाणी अंदाजानं. ज्याला माप लागतं तो शिकाऊ.

त्या बंदुकीत अंदाज चालत होता, कारण दारू काळी होती. सोरा, गंधक आणि कोळसा. ती मापट्यानंच मोजायची रीत जगभर आहे आणि थोडं कमीजास्त ती सोसून घेते. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची दारू केली आणि हे सगळं बदललं. नवी दारू वजनाला कित्येक पट जोरकस. तिच्या अनेक जाती. कुणी जलद जळणारी, कुणी सावकाश, आणि दिसायला कित्येकदा सारख्याच. एका जातीची योग्य मात्रा दुसऱ्या जातीत घातली तर बंदुकीचे तुकडे. म्हणूनच हे स्पष्ट लिहितो : ठासणीच्या जुन्या बंदुकीत बिनधुराची दारू कधीही घालू नये. ती नळी त्या दाबासाठी केलेलीच नाही. आणि दुसरंही स्पष्ट लिहितो. अमेरिकेत स्वतःपुरती काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायची असतील तरच लागतो. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे, आणि परवान्याशिवाय काडतूस तयार करणं हा त्याखाली गंभीर गुन्हा आहे. तेव्हा हा लेख वाचून सत्तरी-सांग्यात कुणी तळघर शोधू नये.

आता काटा. या छंदात दारू आणि गोळी तोलतात ती ग्रेनमध्ये. ग्रेन म्हणजे दाणा, धान्याचा. परकं वाटतं, पण आपलं त्याच्याशी जुनं नातं आहे. १८३३ साली इंग्रजांनी तोळा पक्का ठरवला तो १८० ग्रेनचा. तोळ्याचे मासे बारा, माशाच्या गुंजा आठ. म्हणजे एका गुंजेत सुमारे १.८८ ग्रेन, एक ग्रेन म्हणजे अर्ध्या गुंजेहून थोडा जास्त. आणि काडतुसासाठी तराजूवर वाचता आला पाहिजे ग्रेनचा दहावा भाग, साडेसहा मिलिग्रॅम. लाल गुंजेचे एकोणीस तुकडे केले तर त्यातल्या एकाएवढं वजन. आपले शेट सोनं तोलताना पंखा बंद करायचे, दार लोटायचे, श्वाससुद्धा जपून घ्यायचे. काडतूस भरणाऱ्यालाही हेच करावं लागतं. फरक एवढाच, की शेटाचा काटा चुकला तर गिऱ्हाईक बुडतं. इथं बुडणारा आपणच.

तर कोणता काटा घ्यावा? इथं मी हट्टी आहे. नवख्यानं दांडीचा घ्यावा. एका दांडीवर सरकती वजनं, मध्ये धारेवर टेकलेला तोल, टोकाशी पल्ला आणि झुलणं लवकर थांबावं म्हणून लोहचुंबक. पंचवीसेक वर्षं मी शाळेच्या प्रयोगशाळेत काचपेटीतले तराजू सांभाळले, चिमट्यानं वजनं उचलायला मुलांना शिकवलं, म्हणून हा जिव्हाळा असेल असं कुणी म्हणेल. पण कारण जिव्हाळ्याचं नाही. दांडीचा काटा बिघडला तर बिघडल्यासारखा वागतो. धारेवर कचरा बसला की दांडी अडखळते, टेबल कलतं असलं की शून्यावर येत नाही. दोष डोळ्याला दिसतो. विजेवरचा स्वस्त काटा बिघडला तरी तेवढ्याच आत्मविश्वासानं आकडा दाखवत राहतो. खोली तापली, सेल उतरले, जवळून वारा गेला की त्याचं शून्य हळूहळू सरकतं, आणि पडद्यावर सगळं झकपक. चांगले, महाग विजेचे काटे मिळतात आणि अनुभवी माणसं ते वापरतात, हे मान्य. पण सुरुवातीच्या माणसानं आधी दांडी थांबण्याची वाट पाहायला शिकावं. काटा कोणताही असो, त्याबरोबर तपासणीची ठरावीक वजनं घ्यावीत आणि बसताना एकदा, उठताना एकदा लावून पाहावीत. ही वजनं फार महाग नसतात, आणि भाच्याच्या यादीत ती नव्हतीच.

दारू मापानं पाडणारं एक उपकरणही मिळतं, दांडा फिरवला की ठरावीक आकारमानाची दारू खाली येते. ते सोयीचं आहे. पण दर काही खेपांनी त्यातून पडलेली दारू काट्यावर टाकून पाहिली नाही, तर आपण फिरून बांबूच्या मापट्यावरच आलो!

पुस्तकाबद्दल. एक नव्हे, दोन घ्यावीत, आणि वेगवेगळ्या कंपन्यांची. कोणत्या गोळीला कोणती दारू, किमान किती, कमाल किती, काडतुसाची एकूण लांबी किती, हे कोष्टकांत दिलेलं असतं. दोन पुस्तकांतले आकडे तंतोतंत जुळत नाहीत, कारण त्यांच्या प्रयोगातल्या नळ्या आणि टरफलं वेगळी होती. हे पाहिलं की आकडा कुठून येतो ते नवख्याला समजतं, आणि आपण किमान मात्रेपासून चढत का जायचं हेही. मित्रानं फोनवर सांगितलेली मात्रा किंवा चौकटीत कुणीतरी टाकलेली मात्रा वापरू नये. पुस्तकाच्या पहिल्या शंभर पानांत कोष्टकं नसतात, नुसतं विवेचन असतं. बहुतेक लोक तीच पानं उलटतात. भाच्याला मी अट घातली आहे की ती पानं वाचून झाल्याशिवाय प्रेस मागवायचा नाही.

बाकीचं सामान थोडक्यात. पिस्तुलाच्या सरळ टरफलांसाठी टंगस्टन कार्बाइडचं कडं असलेला साचा घ्यावा, त्याला वंगण लागत नाही. रायफलीच्या मान असलेल्या टरफलांना मात्र वंगण लावायलाच हवं, नाहीतर टरफल साच्यात असं रुततं की साचा कारखान्याला परत पाठवायची पाळी येते. लांबी मोजायला कॅलिपर हवा. चुकलेल्या काडतुसाची गोळी काढायला हातोडीसारखं एक अवजार मिळतं, ते पहिल्याच दिवशी घ्यावं. ते लागणारच नाही असं समजून काम करणारा माणूस धोक्याचा. डोळ्यांवर चष्मा. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा, बाकीचे कपाटात. टरफलं घासून चकचकीत करणारं यंत्र नंतर कधीही घेता येईल. काळवंडलेलं टरफलही चांगलंच उडतं.

एक गोष्ट मात्र दुकानदार सांगत नाहीत आणि ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनी ऐकायला हवी. केपेत शिशाचं संयुग असतं, आणि जळलेल्या केपेची राख, टरफलं घासतानाची धूळ, यांतून ते हाताला लागतं, श्वासातून जातं. मोठ्यांना ते वाईट, मुलांच्या मेंदूला फारच वाईट. म्हणून हे काम जेवणाच्या टेबलावर नको, स्वयंपाकघरात नको. टरफलं घरातल्या भांड्यांत धुवायची नाहीत. काम झालं की साबणानं हात, आणि मगच मुलाला उचलायचं. भाच्याची मुलगी तीन वर्षांची आहे, आणि बाप जिथं बसतो तिथं ती मांडीवर येऊन बसते. या एका मुद्द्यावर त्यानं वाद घातला नाही, तळघराला कुलूप लावलं.

पहिली पन्नास काडतुसं कशी भरायची हेही मी त्याला लिहिलं आहे. एकच काडतूस, एकच दारू, एकच गोळी. बंदुका दोन असल्या तरी सुरुवात एकीनंच. किमान मात्रा. फोन दुसऱ्या खोलीत, रेडिओ बंद, आणि कुणी हाक मारली तर हातातलं टरफल ओतून मगच उठायचं. पन्नास झाली की डब्याला कागद चिकटवायचा : तारीख, दारूची जात, तिचं वजन, गोळीचं वजन, केपेची कंपनी, टरफल कितव्यांदा भरलं, काडतुसाची लांबी. तोच मजकूर वहीत. डब्यावर चिठी नसेल तर त्यातलं एकही काडतूस उडवायचं नाही, मग ते कितीही चांगलं दिसो. सगळी सोडवून टरफलं वेगळी करायची आणि दारू अंगणात पसरून लांबून पेटवायची. डब्यात परत नाही टाकायची, कारण ती कोणत्या जातीची हे आता कुणालाच ठाऊक नसतं.